चौकोनापलीकडचा आवाज

बालभारतीच्या पुस्तकांत आता जागोजागी एक काळापांढरा चौकोन छापलेला असतो. भाजीच्या गाडीवर, रिक्षाच्या पाठीवर, देवळातल्या दानपेटीवर तसेच चौकोन रोज पाहून मोठ्यांची नजर सरावली आहे. त्यामुळे पुस्तकातल्या चौकोनाकडे आपलं लक्ष जात नाही. मुलांचं जातं. घरातला मोबाइल हाती लागला की पुस्तक जमिनीवर सपाट ठेवायचं, पानावर सावली पडणार नाही असं बसायचं, फोन वर धरून श्वास रोखायचा, आणि मग पुस्तकातून कुणीतरी बोलायला लागतं. छापलेल्या पानाला आवाज फुटतो तेव्हा मुलांच्या तोंडावर जे कौतुक उमटतं, ते मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. मला स्वतःलाही ते अजून वाटतं.

हा चौकोन शाळेसाठी जन्माला आला नव्हता. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. उभ्या रेघांच्या बारकोडात माहिती फार थोडी मावायची, आणि खोक्यांवरचे बारकोड एकामागून एक वाचण्यात कामगारांचा दिवस जायचा. हारा जेवणाच्या सुटीत ‘गो’ हा खेळ खेळत. त्या पटावरच्या काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाहता पाहता त्यांना ही मांडणी सुचली. तीन कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन कॅमेऱ्याला वाचायची जागा दाखवतात, म्हणून फोन तिरका धरा, उलटा धरा, काही बिघडत नाही. शिवाय छपाई तशी केली असेल तर जास्तीत जास्त तीस टक्क्यांपर्यंतचा भाग खराब झाला तरी उरलेल्या भागावरून मजकूर जुळवता येतो. कारखान्यातल्या तेलाधुळीसाठी केलेली ही तजवीज आपल्याकडे हळदीचे आणि वरणाचे डाग पडलेल्या पुस्तकांच्या कामी आली. कंपनीने पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर हा चौकोन परितेवाडीपर्यंत आला असता असं मला वाटत नाही.

परितेवाडी सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. २००९ साली रणजितसिंह डिसले तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती आणि तिच्या एका अंगाला गुरांचा गोठा होता. पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. त्यांनी पुस्तकांना चौकोन जोडले, त्यांतून कवितांचे ऑडिओ, धड्यांचे व्हिडिओ, गोष्टी, स्वाध्याय मुलींपर्यंत पोचवले. २०१७ साली राज्याने सगळ्याच इयत्तांच्या पुस्तकांत असे चौकोन आणायचं जाहीर केलं. डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. वर्तमानपत्रांनी पुरस्काराचं आणि तंत्रज्ञानाचं भरभरून लिहिलं, ते योग्यच होतं.

माझं मन मात्र त्याआधीच्या एका कामाशी अडकून राहतं. त्या शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. डिसले आधी कन्नड शिकले. मुली कुठल्या शब्दांत विचार करतात ते त्यांनी समजून घेतलं, पहिली ते चौथीची पुस्तकं त्यांच्या भाषेत आणली. चौकोनापलीकडून जो आवाज आला तो मुलींना कळणारा होता, ओळखीचा होता. मोबाइलवरून शिकण्याबद्दल कुणीही काही सांगायला लागलं की मी मनात हाच प्रश्न विचारते: पलीकडे कोण बोलतंय, आणि ऐकणाऱ्या मुलाची त्याच्याशी काही ओळख आहे का?

ज्या घरात आईवडिलांना वाचता येतं, तिथे धडा मोठ्याने वाचून दाखवायला कुणीतरी असतं. कविता कुठल्या चालीत म्हणायची, यती कुठे घ्यायचा, ‘ज्ञ’ कसा उच्चारायचा हे मूल न शिकवताच उचलतं. ज्या घरात कुणी शाळेत गेलेलं नाही, तिथे शाळा सुटल्यावर पुस्तक मुकं होतं. या दोन घरांतलं अंतर शाळेच्या सहा तासांत भरून निघत नाही. वाचून दाखवणारा एक आवाज संध्याकाळी घरात आला, आणि मुलगी कविता ऐकत असताना भाकरी थापणारी आईही ऐकू लागली, तर एका मोबाइलचं चीज झालं असं मी म्हणेन. केंद्राच्या ‘दीक्षा’ या ॲपवर धडे आधी उतरवून घेता येतात आणि मग इंटरनेटशिवाय पाहता येतात. ज्या वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, तिथे ही सोय सगळ्यात मोलाची.

शाळेच्या भिंतीपलीकडे शिक्षण पोचवण्याची धडपड आपल्याकडे जुनी आहे. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या ‘नासा’कडून उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. पुढे १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि एका पिढीने तिचे कार्यक्रम पाहिले. पण दूरदर्शनचा संच सगळ्यांशी एकच बोलायचा, आणि त्याला उलट काही विचारता यायचं नाही. मोबाइलवरून मूल विचारू शकतं. एवढी मोठी ताकद हाती आली, पण तिचा उपयोग करायची वेळ आली तेव्हा आपण काय केलं, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या ज्या घरांत स्मार्टफोन होता, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं. लोकांनी शेळी विकून, उसने पैसे घेऊन फोन आणले. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात जेमतेम एक-तृतीयांश मुलांपर्यंत शाळेकडून काही अभ्यास पोचला होता, आणि जो पोचला तो मुख्यतः व्हॉट्सॲपवरून. सकाळी एक पीडीएफ यायची, दुपारी एक व्हिडिओ, रात्री ‘स्वाध्याय पूर्ण करून फोटो पाठवा’. पुष्कळ शिक्षकांनी त्या काळात जिवापाड काम केलं, ओट्यावर बसून, झाडाखाली चार-चार मुलं घेऊन. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण एकंदर व्यवस्थेने मोबाइलला पोस्टाची पेटी समजून त्यात कागद टाकत राहण्याचं काम केलं. पेटी उघडणारं घरी कुणी आहे का, हे फार थोड्यांनी पाहिलं.

त्याच वर्षी आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात एक प्रयोग झाला. तिसरी ते पाचवीच्या मुलांची सुमारे साडेचार हजार कुटुंबं त्यात होती. काही घरांना दर आठवड्याला साध्या एसएमएसवर गणितं पाठवली. काही घरांना गणितं पाठवून शिवाय शिक्षकाने फोन केला, वीस मिनिटांच्या आत-बाहेर. आई किंवा वडील जवळ बसलेले, फोन स्पीकरवर, शिक्षक मुलाला विचारतोय की तू हा भागाकार कसा केलास. स्मार्टफोन नाही, व्हिडिओ नाही, इंटरनेट नाही. नुसते एसएमएस गेले तिथे फारसा फरक पडला नाही. फोनवर बोलणं झालं तिथे मुलं गणितात स्पष्टपणे पुढे गेली. हे निष्कर्ष मी वाचले तेव्हा मला परितेवाडी आठवली. वीस मिनिटं एका मुलाकडे पूर्ण लक्ष देणारा माणूस चाळीस जणांच्या वर्गात मिळणं कठीण. तो आठवड्यातून एकदा फोनवर मिळाला, आणि जुन्या बटणांच्या फोनवरही मिळू शकला, तर त्याला मागासलेलं तंत्रज्ञान कोण म्हणेल?

मला हे सर्वांत जास्त पटतं ते ऊसतोड कामगारांच्या मुलांकडे पाहून. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही पोरं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पलीकडे कर्नाटक. नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि हंगाम संपेपर्यंत फडाशेजारच्या कोपीत संसार. मुलाचं नाव गावच्या शाळेच्या पटावर राहतं आणि मूल वाढे गोळा करतं, धाकट्या भावंडाला सांभाळतं. हंगामी वसतिगृहं आहेत, साखरशाळाही झाल्या, त्यांनी पुष्कळांना धरून ठेवलं. तरी बरीच मुलं सुटतात, आणि परत आल्यावर त्यांना वर्गात बसायची लाज वाटते, कारण बाकीचे कुठल्या कुठे गेलेले असतात.

या मुलांच्या कोपीत मोबाइल असतो. तो बापाचा असतो. पहाटे गाडी भरायला निघताना तो खिशात जातो, कारण मुकादमाचा फोन कधीही येईल. संध्याकाळी परत येतो तेव्हा बॅटरी संपलेली असते आणि चार्जिंगसाठी टपरीवर किंवा ट्रॅक्टरवर लावावी लागते. म्हणून ‘मुलांना ॲप द्या’ असं कुणी सहज म्हणून जातं तेव्हा मला त्या फोनाचा दिवस त्यांच्यासमोर मांडावासा वाटतो. पण याच फोनावर गावच्या बाईंचा आठवड्यातून एक कॉल आला, ‘अरे, पाढे कुठवर आले? मोळीत किती ऊस बांधतात ते मोजलंस का?’ एवढंच विचारणारा, तर ते मूल शाळेच्या पटावरच नाही, शाळेत राहतं. फड मोजण्यासारख्या गोष्टींनी भरलेला आहे: एका मोळीचं वजन, ट्रॉलीत मोळ्या किती, टनाला भाव किती, बापाच्या उचलीतून किती फिटले. हा हिशोब ज्या मुलाला जमेल त्याला मुकादम सहजी फसवू शकणार नाही. प्रत्येक साखर कारखान्याच्या तळावर चार चांगले फोन, चार्जिंगची सौर पेटी आणि संध्याकाळी दोन तास बसणारं एक माणूस ठेवावं. कारखान्याच्या ताळेबंदात हा खर्च दिसणारही नाही. तो व्हावा अशी माझी फार इच्छा आहे.

फोन कुणाचा हा प्रश्न मुलींच्या बाबतीत आणखी टोचतो. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना विचारलं होतं. ८२ टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या काही कामासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हे आकडे पाहून पालक कपाळाला हात लावतात. मला ५७ हा आकडा लहान वाटत नाही. त्याच पाहणीत, वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६ टक्क्यांच्या वर होते आणि मुली २७ टक्क्यांच्या आसपास. माझी काळजी तिथे आहे. भावाला फोन मिळतो तो ‘त्याला लागतो’ म्हणून, आणि बहिणीने तो हातात घेतला की ‘कुणाशी बोलतेस?’ असं विचारलं जातं. ज्या घरांत आई-आजींना स्वतःला फोन वापरता यायला लागला, त्या घरांत हा संशय कमी झालेला मी पाहिला आहे. म्हणून मुलींना शिकवायचं असेल तर फोन आधी आईच्या हाती द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आता फोन घेऊन बाहेर पडू, कारण खरं तर तो बाहेरच जास्त शोभतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ नावाचं ॲप आहे, फुकट मिळणारं. झाडाखाली उभं राहून ते सुरू केलं की आजूबाजूचे आवाज ते टिपतं, आवाजाचं चित्र काढतं, आणि कोणता पक्षी बोलतोय ते सुचवतं. पडद्यावर आवाजाच्या रेघा सरकत असतात: दयाळाची शीळ लांबच लांब वळणांची, तांबटाचा टुक टुक एकसारख्या ठिपक्यांचा. आवाज डोळ्यांना दिसू लागला की मुलं कान देऊन ऐकायला लागतात. आपल्याकडे रोहिणी-मृगाच्या सुमाराला पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणत ओरडतो, हे आजीला ठाऊक असतं. त्याचा रंग कसा, तो शिक्र्यासारखा दिसतो, स्वतः घरटं न करता सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो, हे नातीला फोनवरून आणि पुस्तकावरून कळतं. दोघींनी एका संध्याकाळी अंगणात बसून आपापलं सांगितलं, तर त्या पक्ष्याविषयी दोघींचं ज्ञान दुप्पट होतं. अशी संध्याकाळ फोनमुळे जुळून येत असेल तर मला फोन प्रिय आहे.

ॲप चुकतंही, आणि ते चुकतं ते बरंच आहे. सह्याद्रीतल्या दाट झाडीत भृंगराज नावाचा कोतवालाच्या कुळातला पक्षी राहतो. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकांना पिसांचे झुबके. तो इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. फोन एकामागून एक नावं दाखवत राहतो आणि फांदीवर बसलेला असतो एकटा भृंगराज. तेव्हा मुलाला मान वर करावी लागते, पानांत शोधावं लागतं, दुर्बीण असेल तर लावावी लागते. ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर अशा पाहण्या नोंदवता येतात, आणि त्या कुठे हवेत विरत नाहीत. २०२३ चा ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. त्या तीस हजारांत शाळकरी मुलंही आहेत. आठवीतल्या मुलाने आपल्या गावच्या तळ्यावर मोजलेली बदकं देशाच्या अहवालात जातात. त्याच्या शाळेच्या परीक्षेत मात्र याला एकही गुण नाही. कधीतरी असावा.

याहून वेगळी एक गंमत गेल्या मे महिन्यात घडली. माझी भाची वर्ध्याकडच्या एका गावात नववी पास होऊन बसली होती. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी ‘फायफॉक्स’ नावाचं ॲप केलं आहे. फोनमध्ये कंप, दाब, चुंबकत्व, आवाज मोजणारे जे बारीक भाग असतात, ते प्रयोगासाठी वापरू देणारं. त्यात आवाजावर चालणारं घड्याळ आहे: पहिला आवाज झाला की सुरू, दुसरा झाला की बंद. तिने ठरवलं, आवाजाचा वेग मोजायचा. त्याला फोन दोन लागतात. एक तिच्या आईचा. दुसऱ्यासाठी ती आणि तिची मैत्रीण शेजारच्या काकांकडे गेल्या. काकांनी आधी कशाला, किती वेळ, डेटा किती जाईल असं सगळं विचारलं, आणि मग फोनासोबत स्वतःही अंगणात येऊन उभे राहिले.

टेपने दहा मीटर मोजून दोन टोकांना दोन फोन ठेवले. या टोकाच्या मुलीने ताटलीवर पळी आपटली, दोन्ही घड्याळं सुरू झाली, दूरचं जरा उशिरा, कारण आवाजाला तिथवर जायला वेळ लागला. मग त्या टोकाच्या मुलीने पळी आपटली, घड्याळं थांबली, आता जवळचं उशिरा. दोन घड्याळांच्या वेळेतला फरक म्हणजे आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली तर ती आली ०.०५६ सेकंद. भागाकार केला: सेकंदाला ३५७ मीटर.

“मावशी, चुकलं. पुस्तकात ३४० च्या आसपास आहे.”

टेप पुन्हा ताणली. अंतर बरोबर होतं. काका म्हणाले, वारा आहे, वाऱ्याने आवाज लवकर जातो. यावर दोघींचं जोरात भांडण झालं, आणि भांडता भांडता मैत्रिणीच्या लक्षात आलं की आवाज एकदा इकडून तिकडे गेला आणि एकदा तिकडून इकडे आला, म्हणजे वाऱ्याने एकदा मदत केली तर एकदा अडवलंही, हिशोब जवळपास बरोबरीचा. काका गप्प बसून विचार करू लागले. शेवटी भाचीने तिच्या विज्ञानाच्या सरांना फोन लावला. सुटीचे दिवस, सर त्यांच्या गावी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टेप कुठे धरली तेही विचारलं, आणि म्हणाले, “पारा किती आहे बघ, आणि मग पुस्तकातला आकडा किती तापमानाचा आहे ते बघ. मला रात्री फोन कर.”

पारा ४३ वर होता. तापमान एका अंशाने वाढलं की हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, हे त्यांनी पुस्तकातून आणि फोनवरून मिळून शोधून काढलं. शून्य अंशाला ३३१ धरून हिशोब केला तर वर्ध्याच्या त्या दुपारी आवाजाने ३५७ च्या वेगानेच जायला हवं होतं. रात्री सरांना फोन गेला तेव्हा काकाही ऐकायला थांबले होते. डिसेंबरच्या पहाटे पारा बारावर उतरला की उत्तर ३३८-३९ यायला हवं, असं दोघींनी वहीत आताच लिहून ठेवलं आहे, आणि त्या पहाटेसाठी काकांकडे फोन सांगून ठेवला आहे. काकांची अट एकच आहे: तेव्हा पळी त्यांच्या हातात द्यायची.